बारा वर्षांनी पुन्हा लॅबमध्ये उभं राहायचं आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी. संगणकशास्त्र झालेल्या एका शिक्षिकेने ज्युनिअर कॉलेजच्या विनाअनुदानित तुकडीवर पाच वर्षं कॉम्प्युटर सायन्स शिकवलं आणि २०१३ मध्ये पहिल्या बाळंतपणानंतर नोकरी सोडली. आता मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ८ वर्षांची. गेल्या वर्षभरात त्यांनी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे चार ऑनलाइन कोर्स पूर्ण केले आणि एका सीबीएसई शाळेत मुलाखत दिली. डेमो लेक्चर चांगलं चाललं होतं. तेवढ्यात पॅनेलवरच्या एका मॅडमनी विद्यार्थी होऊन विचारलं, "मी ५ आणि ३ टाकले, बेरीज ८ यायला हवी, ५३ का येतेय?" या शिक्षिका गांगरल्या, पुढचं लेक्चर विस्कटलं, निवड झाली नाही. सासूबाई म्हणतात, आता कशाला दगदग, घरीच क्लास घे. त्यांचं विचारणं असं: अजून कोर्स करू, बी.एड. करू, की हा नाद सोडू?

नाद सोडू नका, हे आधी सांगते. मीसुद्धा २००१ ते २००८ अशी सात वर्षं घरी होते, परत आले, आणि त्यानंतरची सगळी वर्षं ज्युनिअर कॉलेजच्या लॅबमध्ये काढली. शिक्षक निवडीच्या पॅनेलवरही बरेचदा बसते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

त्या ५३ पासूनच सुरुवात करू, कारण तुमची खरी अडचण तिथेच आहे. उत्तर तुम्हाला येत होतं. पायथनचं इनपुट फंक्शन कीबोर्डवरून आलेलं काहीही स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, म्हणूनच घेतं, दोन स्ट्रिंगमध्ये अधिक चिन्ह घातलं की त्या शेजारी शेजारी चिकटतात, आणि दोन्हीला इंट लावून पूर्णांक केलं की ८ मिळतात. हे तुमच्या चारही कोर्समध्ये पहिल्याच आठवड्यात येऊन गेलं असणार. तरीही तुम्ही अडलात, कारण हा प्रश्न तुम्हाला आयुष्यात कधी कोणी विचारलाच नव्हता. सी प्लस प्लसमध्ये आपण आधी 'इंट ए, बी' असं जाहीर करायचो, म्हणजे दोन्ही पूर्णांक, आणि मग इनपुट घ्यायला सीइन लिहायचो. तिथे ५३ येण्याची सोयच नव्हती. तुमच्या पाच वर्षांतल्या एकाही मुलाने ही चूक केली नसणार. भाषा बदलली की मुलांच्या चुका बदलतात, आणि कोर्समध्ये मुलांच्या चुका नसतात. तिथे बरोबर चालणारा प्रोग्रॅम दाखवतात, आपण तो पाहून तसाच लिहितो, तो चालतो, सर्टिफिकेट मिळतं.

लॅबमध्ये आपलं निम्मं काम दुसऱ्याची चूक पाठीमागे उभं राहून ओळखण्याचं असतं. ती नजर वापरली नाही की मंदावते. २००८ मध्ये मी परत आले तेव्हा २० मुलांची बॅच होती, १० मशिन, एका मशिनवर दोघं. पहिल्याच प्रॅक्टिकलला एका मुलाच्या स्क्रीनवर २६ एरर होत्या. मी त्याच्यामागे उभी राहून वरपासून खालपर्यंत वाचत राहिले. बाकीची मुलं "मॅडम, इकडे", "मॅडम, इकडे" करत होती. पूर्वीची मी असते तर दोन सेकंदांत सांगितलं असतं की वरच्या लूपचा महिरपी कंस बंद केलेला नाही. आमचे निदेशक सर शांतपणे जवळ आले आणि म्हणाले, "मॅडम, पहिली एरर बघा फक्त. खालच्या पंचवीस तिनेच आणल्यात." हे मला आधी माहीत होतं, मीच मुलांना शिकवलेलं होतं. अर्धविराम राहिला की कंपायलर (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणारं सॉफ्टवेअर) पुढच्या ओळीवर बोट ठेवतो, चूक मागच्या ओळीत असते, हेही मीच सांगत आले होते. तरी त्या दिवशी सुचलं नाही. सुचायला लागलं ते दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास, म्हणजे साधारण चार महिन्यांनी. तुम्ही हे चार महिने नोकरी लागायच्या आधीच घालवलेत तर पहिलं सत्र कितीतरी सोपं जाईल.

त्यासाठी एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर मुलाची चूक जशीच्या तशी लिहायची, उजव्या पानावर त्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते लिहायचं. दुरुस्ती सगळ्यात शेवटी, एका ओळीत. तुमच्या सोसायटीत, गल्लीत अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स किंवा आयटी घेतलेली तीन-चार मुलं नक्की सापडतील. रविवारी दोन तास बोलवा, पैसे घेऊ नका, आणि एक अट स्वतःला घाला: माऊसला हात लावायचा नाही. त्यांनी टाइप करायचं, तुम्ही मागे उभं राहायचं. चूक दिसली तरी अर्धा मिनिट गप्प राहायचं, कारण पुष्कळदा मूल स्वतःच थांबतं आणि परत वर जातं. त्या अर्ध्या मिनिटात त्याला काय वाटत होतं ते ऐकू येतं, आणि उजव्या पानावर तेच लिहायचं असतं.

वहीत काय काय जमेल याची थोडी चव देते. एक ते दहा छापायला सांगितले की मूल रेंजमध्ये १ आणि १० लिहितं आणि ९ वर थांबलेल्या आउटपुटकडे बघत बसतं. एका ओळीचं इंडेंटेशन (सुरुवातीची मोकळी जागा) टॅबने, पुढच्या ओळीचं चार स्पेसने केलेलं असतं. स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं, प्रोग्रॅम मात्र चालत नाही, आणि मूल शपथेवर सांगतं की मी सगळं सरळ लिहिलंय. 'बी बरोबर ए' लिहून लिस्टची कॉपी झाली असं समजतात, मग बी मध्ये बदल केला की ए कसा बदलला म्हणून गोंधळतात. सीएसव्ही फाइल लिहिली की विंडोजवर एक ओळ सोडून एक रिकामी ओळ येते. फाइल उघडताना न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग द्यायची राहिलेली असते. आणि सगळ्यात जास्त रडवणारी चूक बारावीत मायएसक्यूएल हा डेटाबेस पायथनला जोडताना होते. माहिती भरणारी इन्सर्टची क्वेरी चालते, एकही एरर येत नाही, टेबल उघडून पाहावं तर रिकामं. बदल कायम करणारं कमिट लिहिलेलं नसतं. स्क्रीनवर लाल अक्षर नसताना चूक शोधायची म्हणजे काय, हे मुलांना इथे पहिल्यांदा कळतं, आणि शिकवणाऱ्याची तयारीही इथेच दिसते. मी पॅनेलवर असते तेव्हा हमखास हाच प्रश्न विचारते.

आता कोर्सबद्दल. चार झाले, पाचवा नको. फक्त एक अपवाद करेन. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे प्रा. माधवन मुकुंद यांचा पायथनमधून डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम शिकवणारा एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा) कोर्स केला नसेल तर तेवढा करा. व्हिडिओ फुकट बघता येतात. सर्टिफिकेट हवं असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते, आणि म्हणूनच पॅनेलवर त्याला थोडा मान आहे. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियलही आहेत, मराठीतूनही आहेत. ते एका अर्ध्या स्क्रीनवर लावून दुसऱ्या अर्ध्यात स्वतः टाइप करत जायचं असतं. पण ते तुमच्यापेक्षा त्या रविवारच्या मुलांना जास्त उपयोगी पडतील.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की "मला येणारं सगळं आता जुनं झालं". हे वाक्य कृपा करून मनातून काढा. जुनं काय झालं ते मी मोजून सांगते. टर्बो सी प्लस प्लसची निळी स्क्रीन गेली. व्हॉइड मेन, क्लिअर स्क्रीन, गेट सीएच, आयओस्ट्रीमच्या पुढचं डॉट एच, ही सवय सोडावी लागेल. सी प्लस प्लस शिकवायला मिळालं तरी आजचा कंपायलर हे चालवून घेत नाही. सीबीएसईत २०२० च्या आसपास सी प्लस प्लस पूर्ण बाजूला जाऊन पायथन आलं. बस, एवढंच. स्टॅक तोच आहे, पुश-पॉप तेच आहे, बायनरी सर्चमध्ये अर्धं टाकून देण्याची युक्ती तीच आहे. सीबीएसईचा बारावीचा पेपर ७० गुणांचा, त्यात प्रोग्रॅमिंगला ४०, डेटाबेसला २०, नेटवर्कला १०. एसक्यूएल आणि नेटवर्कचे ते ३० गुण तुम्ही अगदी उद्या सकाळी उठून शिकवू शकाल. प्रोग्रॅमिंगच्या ४० मध्ये लॉजिक तुमचं आहे, फक्त लिपी नवी आहे.

शिवाय तुमच्याकडे अशी एक गोष्ट आहे जी आजच्या पंचविशीतल्या उमेदवारांकडे क्वचित दिसते. तुम्ही ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर शिकवलाय. अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये काय आलं, कॅरी फ्लॅग सेट झाला का, एचएल जोडीत कुठला पत्ता आहे, हे एकेक सूचना चालवत कागदावर मांडायची तुम्हाला सवय आहे. १९७६ सालचा प्रोसेसर, पण त्याने कोष्टक करून ड्राय रन घ्यायची जी शिस्त लावली ती पायथनच्या लूपलाही तशीच लागू पडते. कोष्टक आखा, व्हेरिएबलचा एकेक रकाना करा, लूपच्या प्रत्येक फेरीला एक ओळ. नवीन मंडळी थेट रन दाबतात आणि आउटपुट पाहून अंदाज करतात.

आणि ड्राय रनची गरज आत्ता कधी नव्हे एवढी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, आणि वर्षभरात प्रोजेक्ट फाइल्स अशा यायला लागल्या की बस आरक्षण, ग्रंथालय, मेडिकल स्टोअर, काहीही विषय असो, कोड सुबक, कॉमेंटसुद्धा शुद्ध इंग्रजीत. रागावून काही होत नाही, बंदी घालून तर नाहीच. मी काय करते ते सांगते. मुलाच्याच प्रोजेक्टमधलं एक पान छापून घेते, एक ओळ पेनने खोडते आणि विचारते, "ही ओळ नसती तर काय झालं असतं?" कधी दोन ओळींची जागा बदलते. ज्याने स्वतः समजून केलंय, मग मदत कुठूनही घेतलेली असो, तो सांगतो. बाकीचे पान उलटसुलट करतात. मग मी त्याला कोष्टक आखायला बसवते, आणि वीस मिनिटांत तो उधारीचा प्रोग्रॅम बऱ्यापैकी त्याचा होतो. मुलाखतीत "एआयच्या काळात तुम्ही काय शिकवणार" हा प्रश्न हमखास येतो. तेव्हा भविष्याबद्दल भाषण करू नका, असं एखादं पान पर्समधून काढून दाखवा. पण ते आधी रविवारच्या मुलांवर करून बघितलेलं असलं पाहिजे.

बी.एड.चं गणित वेगळं आहे. २०१५ पासून तो दोन वर्षांचा झालाय. सीबीएसई शाळेत कायम जागा हवी असेल तर आज ना उद्या लागेलच, त्यामुळे तुमचा ओढा शाळेकडे असेल तर कराच. पण तुमची एम.एस्सी. आहे, तेव्हा सीनियर कॉलेजचा रस्ताही उघडा आहे. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, बीसीए इथे बी.एड. लागत नाही, सेट किंवा नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा लागते (सेट राज्याची, नेट देशपातळीवरची). एम.एस्सी.ला ५५ टक्के असतील तर सेटला बसा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ती घेतं, वयाची अट नाही, निगेटिव्ह मार्किंग नाही, एकदा पास झालात की प्रमाणपत्राला मुदत नाही. दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास. पहिला पेपर अध्यापन आणि संशोधन अभियोग्यतेचा असतो, त्याची भीती बाळगू नका. दुसऱ्यात ऑटोमाटा, कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिम हे सगळं परत वाचावं लागेल, सहा-आठ महिने रोज दोन तास धरा. माझ्या मते, घरी दोन मुलं असताना दोन वर्षं बी.एड.च्या हजेरीत घालवण्यापेक्षा सेट आधी द्यावी. नाही जमली तर बी.एड. कुठे पळून जात नाही.

बायोडेटामधली पोकळी लपवू नका. मी असे बायोडेटा पाहिलेत ज्यात २०१३ च्या पुढे थेट २०२४ चा कोर्स लिहिलेला असतो, मधली वर्षं गायब. वाचणाऱ्याचं बोट नेमकं तिथेच थांबतं. साधं लिहा: "२०१३ ते २०२५, मुलांचे संगोपन, पूर्ण वेळ घरी." त्याखाली या काळात जे खरं केलं असेल ते, कोणाची शिकवणी घेतली असेल, मुलाच्या शाळेत काही मदत केली असेल, तर एक ओळ. काही केलं नसेल तर काही लिहू नका. माफी मागितल्याचा सूर तर अजिबात नको. तुम्ही नोकरी सोडली तेव्हा कायद्याने प्रसूती रजा होती १२ आठवडे. २६ आठवडे झाले २०१७ मध्ये. तीन महिन्यांचं बाळ कोणाच्या हाती देऊन सकाळी सव्वासातचं लेक्चर गाठायचं, या प्रश्नाचं तुम्ही तुमच्या परिस्थितीत जे उत्तर दिलं ते दिलं. मला २००८ मध्ये एका संस्थेच्या मुलाखतीत सगळ्यांसमोर विचारलं होतं, "आता आणखी मूल नाही ना?" मी गप्प बसले, आणि ते गप्प बसणं मला फार वर्षं टोचलं. आज मी पॅनेलवर असताना असा प्रश्न कोणी काढला तर मी तो तिथेच थांबवते. पण प्रत्येक पॅनेलवर कोणी थांबवणारं असेल असं नाही, म्हणून उत्तर तयार ठेवा, एका वाक्याचं: "मुलं शाळेतून दीडला येतात, तोवर मी मोकळी आहे, परीक्षेच्या दिवसांत सासूबाई बघतात." एवढंच बोलायचं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघायची. ते वाक्य खरं असण्यासाठी सासूबाईंशी आधी बोलावं लागेल. त्यांचं "घरीच क्लास घे" हे तुमच्या काळजीपोटी आहे असं तुमच्याच लिहिण्यावरून वाटतं. कॉलेज नेमकं किती तास, कुठल्या वारी, याचा कागद त्यांच्यासमोर ठेवला तर बोलणं सोपं होईल. घरच्या क्लासला मी वाईट म्हणत नाही, पण तिथे सहकारी नसतात, स्टाफरूम नसते, प्रश्नपत्रिकेवरून वाद घालायला कोणी नसतं. तुम्ही ज्यासाठी परत येऊ पाहताय त्यातलं अर्धं तिथे मिळणार नाही.

जुनी कागदपत्रं आत्ताच गोळा करा. अनुभवाचं प्रमाणपत्र तर हवंच, त्याहून महत्त्वाचं म्हणजे तेव्हाच्या नेमणुकीला शिक्षण उपसंचालक कार्यालयाची मान्यता मिळाली होती का, आणि मिळाली असेल तर त्या पत्राची प्रत. मान्यता नसेल तर ती पाच वर्षं शिकवण्याचा अनुभव म्हणून सांगता येतील, सेवा म्हणून धरली जातीलच असं नाही. बारा वर्षांत प्राचार्य बदलले असतील, क्लार्क निवृत्त झाले असतील, त्यामुळे एका फेरीत काम होणार नाही.

पहिली नोकरी बहुधा तासिका तत्त्वावर मिळेल. त्याबद्दल स्पष्ट बोलते. मानधन घेतलेल्या तासांचंच मिळतं, सुट्ट्यांचं नाही, आणि बिल पास होऊन हातात यायला काही वेळा महिने लागतात. घरखर्च त्यावर चालणार असेल तर नीट विचार करा. तरीही पहिल्या वर्षी घ्या, कारण २०१३ नंतरचं पहिलं अनुभवपत्र त्यातूनच मिळेल. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मात्र थांबून हिशेब करा. कित्येक हुशार शिक्षिका सात-सात, आठ-आठ वर्षं तिथेच अडकलेल्या मी पाहिल्यात. दर जूनला नवा अर्ज आणि दर एप्रिलला निरोप. हे तुमच्या वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं. आणखी एक वाट बघा: रजेच्या काळातल्या तात्पुरत्या जागा. कोणी शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेली की सहा महिन्यांसाठी माणूस लागतं, सत्राच्या मधेच, आणि तेव्हा अर्ज कमी असतात. ओळखीच्या सगळ्यांना सांगून ठेवा. मी परत आले ते अशाच एका जागेवर.

नेहमीच्या जाहिराती मेच्या शेवटापासून जुलैपर्यंत येतात. डेमोसाठी विषय निवडायची मोकळीक मिळाली तर इनपुट आणि डेटा टाइप हाच घ्या. आधी फळ्यावर ५३ लिहा, आणि समोरच्यांना विचारा की हे कसं आलं असेल. तोवर वहीत निदान चाळीस चुका जमलेल्या असू द्या.